चुन्याचे बांधकाम व पर्यावरण

चुना हे मानवाने तयार केलेल्या सर्वांत जुन्या बांधकाम-द्रव्यांपैकी एक असून दगड, वीट व माती यांच्या भिंतींचे सांधे भरण्यासाठी, गिलाव्यासाठी, कोब्याच्या जमिनी व गच्च्या करण्यासाठी आणि सफेदीसाठी त्याचा उपयोग शतकानुशतके होत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोर्टलंड सिमेंटने त्याची जागा हळूहळू घेतली. या सिमेंटचे एकस्व जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे त्याचे उत्पादन करून पाहण्यात आले आणि १९१४ मध्ये पोरबंदर येथील कारखाना सुरू झाल्यावर या उद्योगाला स्थैर्य आले. जगातील सिमेंटचे वार्षिक उत्पादन आता सु. ४०० कोटी टनांच्या घरात असून मानवी व्यवहारांमुळे वातावरणात मिसळणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी सु. ७ ते ८ टक्के वायू या एका उद्योगातून बाहेर पडतो. त्यामुळे नैसर्गिक द्रव्यांनी घरे बांधू इच्छिणाऱ्यांचे लक्ष पुन्हा चुन्याकडे वळले आहे. तथापि चुन्याच्या बाजूने केले जाणारे सर्वच दावे सारख्या वजनाचे नाहीत. भट्टीतील इंधनाच्या बचतीचा जो दावा सर्वाधिक ऐकू येतो तोच सर्वांत दुर्बल आहे. चुन्याचे खरे पर्यावरणीय गुण भट्टीबाहेर, भिंतीच्या आयुष्यक्रमात दिसून येतात.

भट्टीतील हिशेब : चुना आणि सिमेंट या दोहोंचा मूळ कच्चा माल चुनखडक, म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट, हाच आहे. चुनखडक सु. ९००° से. तापमानास भाजला असता त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजेच कळीचा चुना, उरतो. शुद्ध खडकाच्या १०० भागांपासून कळीचा चुना ५६ भाग मिळतो व वायू ४४ भाग बाहेर पडतो. कळीवर पाणी टाकले की ती तडतडून उष्णता बाहेर टाकते, फुलते व तिचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, बनते. सिमेंटसाठी चुनखडक व चिकणमाती यांचे मिश्रण सु. १,४५०° से. पर्यंत तापवावे लागते. त्या तापमानास चुना व सिलिका यांची संयुगे तयार होऊन क्लिंकर नावाचे कठीण गोळे मिळतात व त्यांत थोडे जिप्सम घालून ते दळले की सिमेंट तयार होते.

सिमेंटच्या भट्टीचे तापमान साडेपाचशे अंशांनी जास्त असल्यामुळे तिला जळणही त्या मानाने जास्त लागते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. भट्टीतील बरीचशी उष्णता द्रव्य तापविण्यात नव्हे, तर कार्बोनेटाचे विघटन करण्यात खर्च होते. क्लिंकरमध्ये चुन्याचे प्रमाण सु. ६५ टक्केच असते. कळीचा चुना मात्र जवळजवळ सर्वस्वी चुनाच असल्याने विघटनाचा पूर्ण भार त्याच्यावर पडतो. शिवाय क्लिंकरमधील सिलिकेटे बनताना काही उष्णता परत मिळते. परिणामी एक टन क्लिंकरसाठी आधुनिक कारखान्यात सु. ३ ते ३·५ गिगॅजूल उष्णता लागते, तर एक टन कळीसाठी चांगल्या उभ्या भट्टीतही सु. ४ गिगॅजूल किंवा अधिक लागते. खेड्यापाड्यांतील उघड्या तोंडाच्या भट्टीत, जीत खडी व जळण यांचे थर एकावर एक रचलेले असतात, हा खर्च पुष्कळच वाढतो. अशी भट्टी लाकडावर चालविली, तर तिचा भार आसपासच्या रानावर पडतो हेही विसरता येत नाही.

वायूचा हिशेबही असाच आहे. एक टन शुद्ध कळी तयार होताना निव्वळ खडकातून सु. ७८५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, तर एक टन क्लिंकर बनताना खडकातून सु. ५१० किग्रॅ. जळणाचा वायू दोन्हींत वेगळा मिळवावयाचा असतो. तेव्हा वजनास वजन लावून तुलना केली, तर चुना हा सिमेंटपेक्षा निर्मळ ठरत नाही. पण भिंत वजनाने बांधली जात नाही. विरलेला चुना हलका असतो. त्याच्या एक घन मीटर भुकटीचे वजन सु. ५०० ते ६५० किग्रॅ. भरते, तर तेवढ्याच सिमेंटचे सु. १,४४० किग्रॅ. गवंडी घमेल्याने मापतो, तराजूने नव्हे, ही साधी गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. एक भाग चुना व तीन भाग वाळू या प्रमाणाच्या एक घन मीटर मसाल्यात विरलेला चुना सु. २०० किग्रॅ. लागतो. एकास सहा प्रमाणाच्या सिमेंटच्या मसाल्यात सिमेंट सु. २५० किग्रॅ. लागते. चांगली भट्टी व दगडी कोळशाचे जळण गृहीत धरल्यास पहिल्यामागे सु. १८० किग्रॅ. आणि दुसऱ्यामागे सु. २०० किग्रॅ. वायू हवेत गेलेला असतो. औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळलेले सिमेंट वापरले, तर दुसरा आकडा दीडशेच्या आसपास येतो. भट्टीच्या दारात उभे राहून पाहिले, तर दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीत असतात.

वायूचे पुनर्शोषण : बरोबरी मोडते ती त्यानंतर. विरलेला चुना वाळूत मिसळून भिंतीत बसविला की तो हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेऊ लागतो आणि हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. खडकापासून निघालेला चुना अशा रीतीने परत खडक होतो व याच क्रियेने तो घट्ट होतो. वर घेतलेल्या उदाहरणातील २०० किग्रॅ. चुना पूर्णपणे कार्बोनेट झाला, तर तो सु. १२० किग्रॅ. वायू परत घेतो. खडकातून गेलेला सर्व वायू त्याने परत आणला, असा याचा अर्थ होतो. जळणातून गेलेला वायू मात्र परत येत नाही. म्हणून चुन्याचे घर हवा शुद्ध करते, असे जे काही वेळा म्हटले जाते ते अतिशयोक्त होय. चुन्यात तागाच्या किंवा भांगेच्या झाडाच्या काड्यांसारखे वनस्पतिजन्य द्रव्य मोठ्या प्रमाणात मिसळले, तरच त्या वनस्पतींनी वाढताना शोषलेला कार्बन जमेस धरता येतो. भांगेच्या काड्या व चुना यांच्या मिश्रणाच्या भिंती फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत प्रचारात आल्या.

पुनर्शोषणाची गती मंद असते. हवा भिंतीत जसजशी खोल शिरावी लागते तसतशी ती आणखी मंदावते. पहिले काही मिलिमीटर थोड्या महिन्यांत कार्बोनेट होतात. जाड दगडी भिंतीच्या गाभ्याला शतकही पुरत नाही. या क्रियेला थोडा ओलावा आवश्यक असतो. कोरड्या ठणठणीत भिंतीत ती थांबते आणि पाण्याने पूर्ण भरलेल्या भिंतीतही थांबते. गिलावा, दर्जा व सफेदी यांसारख्या पातळ थरांत चुन्याचा हा गुण पुरेपूर मिळतो, जाड भरावात अर्धवट मिळतो. सिमेंटही हवेतील वायू शोषते हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार १९३० ते २०१३ या काळात सिमेंटसाठी खडक भाजताना निघालेल्या वायूपैकी सु. ४३ टक्के वायू सिमेंटच्या बांधकामांनी परत शोषला होता आणि त्यात पातळ गिलाव्याचा वाटा मोठा होता. फरक असा की, चुन्याच्या बाबतीत हे शोषण म्हणजेच त्याचे बळकट होणे असते, तर सलोह काँक्रीटमध्ये तोच वायू आतील लोखंडाचे संरक्षण घालवितो व सळई गंजू लागते.

सौम्यतेचे लाभ : चुन्याच्या मसाल्याची दाब सहन करण्याची क्षमता दर चौ. मिमी. ला सु. ०·५ ते २ न्यूटन एवढीच असते. सिमेंटच्या मसाल्याची त्याच्या कित्येक पट असते. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत हा चुन्याचा दोष म्हणून शिकविला गेला; पर्यावरणाच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरतो. मसाला विटेपेक्षा मऊ असेल, तर पाया खचल्याने किंवा उन्हाने भिंतीत निर्माण होणारा ताण सांध्यात जिरतो, वीट फुटत नाही. सांध्यात पडलेल्या बारीक भेगांत पावसाचे पाणी शिरले की ते थोडा चुना विरघळवून पुन्हा तेथेच साठविते व भेग आपोआप बुजते. पुढे इमारत पाडावयाची वेळ आली, तर चुना छिन्नीने सहज झडतो आणि वीट वा दगड अखंड हाती येतो. पुण्यातील व इतर गावांतील जुने वाडे उतरविताना निघालेले घडीव दगड, विटा व सागवानी तुळ्या दुसऱ्या घरात गेल्याची उदाहरणे असंख्य आहेत. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सांध्याआधी स्वतःच फुटते व तिचा राडारोडा होतो. वीट भाजण्यासाठी जेवढे जळण लागलेले असते तेवढे सर्व त्या राडारोड्याबरोबर वाया जाते. नव्या बांधकामाच्या वायूचा हिशेब मांडताना ही गोष्ट क्वचितच धरली जाते.

ओलावा आणि जुन्या भिंती : चुन्याचा गिलावा सच्छिद्र असून बाष्पाला वाट देतो. जमिनीतून वर चढलेली ओल व पावसात भिंतीने घेतलेले पाणी त्यातून सुकून जाते. सिमेंटच्या घट्ट गिलाव्यामागे ते अडकून पडते. दख्खनच्या पठारावर पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरे पुष्कळ आहेत. अशा भिंतीला ‘मजबुती’ म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की दोनतीन पावसाळ्यांत तो पोकळ वाजू लागतो, त्याच्यामागे माती भिजून तळाशी खचते आणि अखेर गिलावा मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. सुटताना भिंतीचा पृष्ठभागही घेऊन जातो. मग घरमालक भिंत कच्ची होती असे मानून ती पाडतो व काँक्रीटचे घर बांधतो. एका पोत्याच्या डागडुजीने शेकडो पोत्यांची मागणी उत्पन्न होते ती अशी. कोकणातील जांभ्याच्या भिंतींतही हाच प्रकार दिसतो, कारण जांभा फार पाणी पितो. काळा पाषाण स्वतः घट्ट असल्याने तो टिकतो, परंतु किल्ले व मंदिरे यांच्या दर्जा सिमेंटने भरल्या असता ओल मागच्या चुन्याच्या भरावात साचते. सिमेंटमधील विद्राव्य क्षार दगडाच्या कडांशी स्फटिकरूपाने जमून कडा फोडतात, हा आणखी एक उपद्रव होय. जुन्या वास्तूंच्या जतनात चुन्याचाच मसाला वापरावा असा जो आग्रह धरला जातो त्यामागे परंपरेच्या अभिमानापेक्षा हे कारण अधिक ग्राह्य आहे. उभी असलेली इमारत टिकविणे हे कोणत्याही नव्या ‘हरित’ इमारतीपेक्षा बहुधा कमी खर्चाचे व कमी धुराचे असते.

चुन्याच्या टिकाऊपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. विजापूरच्या गोलघुमटाचा सु. ३८ मी. अंतर्गत व्यासाचा घुमट विटा व चुना यांचा असून त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली आहेत. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी-का-मकबऱ्याचा वरचा बराचसा भाग संगमरवराचा नसून चुन्याच्या घोटीव गिलाव्याचा आहे. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण (१९११–३१) चुना व सुरखी यांच्या मसाल्यात बांधलेले आहे. सलोह काँक्रीटच्या सामान्य निवासी इमारती समुद्रकाठच्या दमट हवेत चाळीसपन्नास वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येतात. या तुलनेत अर्थातच एक गफलत आहे : चुन्याच्या ज्या इमारती पडल्या त्या मोजायला आज कोणी उरलेले नाही.

स्थानिक द्रव्ये व कौशल्य : महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला असल्यामुळे शुद्ध चुनखडकाचे थर येथे मोजक्या ठिकाणी, मुख्यतः विदर्भातील यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत सापडतात. इतरत्र काळ्या जमिनीत व ओढ्यांच्या काठी मिळणारे चुनखडीचे खडे आणि कोकणात समुद्रातील शिंपले भाजून चुना केला जाई. खडे वेचण्याचा व भाजण्याचा हा व्यवसाय मुख्यत्वे लोणारी समाजाकडे होता. मुंबईतील चुनाभट्टी हे स्थलनाम अशाच भट्ट्यांची आठवण देते. खड्यांच्या चुन्यात मातीचा अंश असतो व भाजताना त्यातील सिलिकेचा चुन्याशी थोडा संयोग होतो. म्हणून हा चुना पाण्याच्या सान्निध्यातही काही प्रमाणात घट्ट होतो. अशा चुन्याला जलीय चुना म्हणतात. भारतीय मानक आय. एस. ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग पाडले असून त्यात खड्यांच्या चुन्यालाही ‘ई’ हा स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. शिंपल्यांचा चुना पांढराशुभ्र व जवळजवळ शुद्ध असल्यामुळे तो गिलाव्यास उत्तम, पण पाण्याखाली निरुपयोगी. त्यात विटांची बारीक भुकटी म्हणजे सुरखी मिसळली, तर ती उणीव भरून निघते. रोमन लोक याच कामासाठी ज्वालामुखीची राख वापरीत आणि जॉन स्मीटन यांनी १७५६–५९ मध्ये एडिस्टोन दीपगृह बांधताना इटलीतून आणलेली अशी राख जलीय चुन्यात मिसळली होती. सिलिकेशी संयोग पावलेला चुना तितका वायू लगेच परत शोषीत नाही, त्यामुळे मसाला जितका जलीय तितके त्याचे वर सांगितलेले पुनर्शोषण कमी, हे लक्षात ठेवावे लागते.

चुना व वाळू घाणीत मळली जात. दगडांनी बांधलेल्या वर्तुळाकार चरातून बैलांनी ओढलेले जड दगडी चाक फिरे व मसाला लोण्यासारखा मऊ होईपर्यंत तो कांडला जाई. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, मेथी यांची पाणी त्यात घालीत. गुळामुळे चुना विरघळण्यास मदत होते. बेल व मेथी यांतील चिकट द्रव्ये पाणी धरून ठेवतात व गिलावा लवकर सुकून तडकत नाही. प्रत्येक घराण्याच्या व गवंड्याच्या कृतीत थोडा फरक असे आणि त्यांपैकी किती घटक खरोखर आवश्यक होते ते सांगणे कठीण आहे. सफेदीचा चुना मात्र निर्विवाद उपयोगी आहे. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी धरत नाही, त्यातून कोणतेही बाष्पनशील विद्रावक हवेत जात नाहीत आणि पांढऱ्या गच्चीवरून सूर्याची बरीच उष्णता परावर्तित होते. दिवाळीपूर्वी घराला चुना देण्याची प्रथा स्वच्छतेच्या दृष्टीनेही योग्यच होती.

मर्यादा : चुन्याचे बांधकाम सावकाश होते. गिलाव्याचे थर एकावर एक देताना मध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात, ते ओलसर ठेवावे लागतात आणि पावसाळ्यात काम थांबवावे लागते. कळी विरविताना डोळ्यांस व त्वचेस इजा होण्याचा धोका असतो. सतत पाझर असलेल्या ठिकाणी चुना झिजतो. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणाच्या भरावातून पाझराबरोबर चुना वाहून जाणे हा दीर्घकाळ चिंतेचा विषय राहिला आहे. उंच इमारती, लांब गाळ्यांचे पूल, पातळ तक्तपोशी यांसाठी लोखंड आवश्यक असते व चुना लोखंडाला गंजापासून वाचवू शकत नाही. अशा कामात सिमेंटला पर्याय नाही. तेथे सिमेंटच अधिक निर्मळ करणे हा मार्ग होय. भाजलेली माती व कच्चा चुनखडक मिसळून क्लिंकरचे प्रमाण निम्म्यावर आणणारे सिमेंट याच दिशेचा प्रयत्न आहे.

भूकंपाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष संवेदनशील आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली आणि तेव्हापासून मराठवाड्यात सिमेंटविना बांधलेल्या घरावर लोकांचा विश्वास उरला नाही. ही भीती समजण्याजोगी आहे. मात्र त्या घरांच्या भिंतींत चुना नव्हता, केवळ माती होती. भिंतीचे दोन्ही पदर एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते आणि धाब्याच्या छपरावर मातीचा प्रचंड भार होता. चुन्याची भिंत बांधतानाही आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, जोते व छत यांच्या पातळीला फिरणारे पट्टे आणि हलके छप्पर या गोष्टी अपरिहार्य आहेत. या पट्ट्यांपुरते सिमेंट व लोखंड वापरून उरलेली भिंत चुन्यात बांधता येते. लॉरी बेकर (मृत्यू २००७) यांनी केरळमध्ये शिंपल्यांचा चुना, माती व वीट यांनी जी घरे बांधली त्यांतही सिमेंट व पोलाद सर्वस्वी वर्ज्य नव्हते. जेथे लागेल तेथेच व लागेल तितकेच, असा त्यांचा नियम होता.

चुन्याच्या पुनर्वापरातील मोठी अडचण आज मालाच्या गुणवत्तेची आहे. भारतात तयार होणारा बराचसा चुना पोलाद, साखर, कागद व रसायने यांच्या कारखान्यांकडे जातो. बांधकामासाठी बाजारात जी भुकटी मिळते ती पोत्यात दीर्घकाळ पडून निम्मीअधिक कार्बोनेट झालेली असू शकते, म्हणजे तिचा चुनेपणा भिंतीत जाण्यापूर्वीच संपलेला असतो. ताजी कळी आणून ती कामावरच विरविणे व तिची निवळी किमान काही आठवडे पाण्याखाली मुरू देणे हा जुना उपाय अद्यापि सर्वांत भरवशाचा आहे. कळी चांगली आहे की नाही हे तिच्यावर पाणी पडताच कळते. ताजी कळी लगेच वाफा सोडून फुलते. शिळी नुसती भिजते. तिच्यात न विरणारे खडे राहिले, तर ते कमी किंवा जास्त भाजल्याचे समजावे व चाळणीने काढून टाकावेत, नाही तर ते गिलाव्यात मागाहून फुलून खळगे पाडतात. मध्य प्रदेशातील कटनी किंवा राजस्थानातून कळी आणावयाची झाल्यास वाहतुकीचे जळण हिशेबात धरावे लागते. लातूर किंवा सोलापूरकडील शेतात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे आजही बांधावर पडून असतात.